गाणाऱ्याच्या पाठीमागचं चित्र

नेपथ्यकाराला कुठलंही चित्र दाखवा, त्याच्या मनात आधी एकच प्रश्न येतो: याच्यापुढे माणूस उभा केला तर काय होईल? भिंतीवर टांगलेल्या चित्राला ही काळजी नसते. त्यातली माणसं चित्रकाराने मापात बसवलेली असतात; ती हलत नाहीत, घाम पुसत नाहीत आणि मुख्य म्हणजे गात नाहीत. रंगमंचावरच्या चित्रापुढे मात्र हाडामांसाचा गायक येऊन उभा राहतो आणि चित्राचं सगळं गणित त्याच्या उंचीवरून तपासलं जातं. ऑपेराच्या सव्वाचारशे वर्षांत चित्रकारांनी या एका अडचणीशी केलेली झटापट मराठी नाटकांचे फ्लॅट (कापडाच्या रंगवलेल्या चौकटी) आणि पडदे करणाऱ्या माणसाला फार ओळखीची वाटते.

अडचण ऑपेराहूनही थोडी जुनी आहे. इटलीतल्या विचेन्झा गावात तेआत्रो ओलिंपिको हे वास्तुकार पाल्लादिओने आखलेलं नाट्यगृह १५८५ मध्ये सुरू झालं. त्याच्या मंचामागे स्कामोझ्झीने लाकूड आणि गिलाव्याचे रस्ते उभारले, ते आजही जागेवर आहेत. जमीन मागे चढत जाते, घरं लहान होत जातात, आणि काही हातांच्या अंतरात लांबलचक रस्त्याचा भास होतो. यथादर्शनाची ही करामत बिनतोड आहे, फक्त नटाने त्या रस्त्यात शिरायचं नाही. चार पावलं आत गेला की तो दुमजली घराच्या छपराला टेकतो. रस्ता बघायचा, चालायचं पुढच्या फळ्यांवर.

ऑपेरा याच इटलीत, याच चढावर जन्माला आला. १६०० साली फ्लोरेन्समध्ये मारिया दे मेदिची आणि फ्रान्सचा राजा चौथा आंरी यांच्या लग्नसोहळ्यात जाकोपो पेरीचा ‘युरिदिचे’ झाला. ज्याचं संगीत पूर्ण उपलब्ध आहे असा हा सगळ्यांत जुना ऑपेरा. त्या सोहळ्याला मांतुआच्या ड्यूकबरोबर आलेला तेवीस वर्षांचा एक चित्रकार हजर होता, पीटर पॉल रूबेन्स. दोन दशकांनी त्याच मारियाच्या आयुष्यावर त्याने चोवीस भव्य चित्रं रंगवली. ती आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. त्यांत देवदेवता ढगांवरून सारख्या उतरत असतात. त्या ढगांना वर कुठेतरी कप्पी आणि दोर असावेत, असा संशय रंगमंचावर काम करणाऱ्याला आल्यावाचून राहत नाही.

१६३७ मध्ये व्हेनिसला तिकीट काढून कुणालाही बघता येईल असं पहिलं ऑपेरागृह उघडलं आणि दरबारी करमणुकीचा धंदा झाला. धंदा म्हटला की प्रेक्षकाला दर थोड्या वेळाने नवं काहीतरी दाखवणं आलं. १६४१ पासून व्हेनिसच्या तेआत्रो नोविस्सिमोत काम करणाऱ्या जाकोमो तोरेल्लीने मंचाखाली चाकांचे गाडे बसवले, त्यांचे दांडे मंचातल्या फटींमधून वर काढून त्यांना रंगवलेल्या विंगा जोडल्या आणि सगळ्यांचे दोर एका मोठ्या रुळाला गुंडाळले. वजन सोडलं की रूळ फिरायचा. राजवाड्याच्या विंगा बाहेर सरकायच्या, त्याच क्षणी अरण्याच्या आत यायच्या. पडदा न पाडता, दिवे न विझवता, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. स्टॉकहोमजवळच्या ड्रोटनिंगहोल्म राजवाड्यात १७६६ सालचं नाट्यगृह आहे, तिथे अशी यंत्रणा अजून चालते. ब्लॅकआउटमध्ये टेबलाला गुडघा आपटत बदल करणाऱ्या आपल्या मंडळींनी ती बघितली तर हेवाच वाटेल.

पण तोरेल्लीच्या चित्रात सगळ्या रेषा अजून मंचाच्या मधोमध, पार मागे एका बिंदूकडे धावत होत्या. म्हणजे चित्र बरोबर दिसणार ते नेमक्या समोर बसलेल्या राजाला. बाजूच्यांनी गळ्यातला आवाज ऐकून समाधान मानायचं. फेर्दिनांदो गाल्ली बिबिएनाने हे मोडलं. १७११ साली पार्मात छापलेल्या ग्रंथात त्याने इमारतीचा कोपरा प्रेक्षकांकडे वळवून दाखवला. रेषा आता दोन्ही बाजूंच्या विंगांमध्ये निघून जाऊ लागल्या. शिवाय बिबिएना मंडळी खांब इतके जाड आणि उंच रंगवत की त्यांचं टोक मंचाच्या कमानीच्या वर कुठेतरी हरवून जाई. गायकाची उंची ताडून बघायला टोकच दिसत नाही, मग तो राक्षस दिसणार कसा? तो बरोबर एवढासा माणूस दिसतो आणि त्याच्या डोक्यावर अजस्र राजवाडा. नेपथ्याच्या इतिहासात याहून हुशार युक्ती सापडणं कठीण आहे. बायरॉयटचं मार्ग्रेव्ह ऑपेरागृह या घराण्यातल्या ज्युसेप्पे आणि त्याचा मुलगा कार्लो यांनी सजवलं. तिथल्या लाकडावरच्या सोनेरी कामात हा दिमाख अजून बघता येतो.

सगळ्यांनाच हा धंदा मानवला नाही. बेर्नार्दो कानाल हा व्हेनिसचा पडदे रंगवणारा. त्याचा मुलगा बापाबरोबर रोमला जाऊन स्कार्लात्तीच्या ऑपेरांचे पडदे रंगवून आला आणि मग थिएटरला रामराम ठोकून कालव्यांची चित्रं काढू लागला. तोच कानालेत्तो. त्याच्या चित्रांतला पुढचा धक्का मंचासारखा मोकळा सोडलेला असतो आणि बाजूचे वाडे विंगांसारखे उभे असतात. रंगभूमी सोडली तरी हात सुटला नाही.

पॅरिसला याच्या उलट घडलं. तिथल्या ऑपेरात १८२२ साली ‘अलादीन’ हा गॅसच्या दिव्यांवर झालेला पहिला प्रयोग. त्याच्या नेपथ्यात लुई दागेरचा हात होता. कापडावर उजेड कसा पडतो याचा नाद लागलेल्या या माणसाने पुढे १८३९ मध्ये उजेडालाच चित्र काढायला लावलं आणि छायाचित्रण जगापुढे आलं. आपल्याकडे कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाचा ध्यास घेतला. आनंदराव लवकर गेले. बाबूरावांनी कॅमेरा घरच्या घरी तयार केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. रंगवलेल्या पडद्याकडून कॅमेऱ्याकडे जाणारी वाट दोन्हीकडे सापडली, एवढं खरं.

पडदा रंगवायची युरोपातली रीत अशी: कापड जमिनीवर ताणून ठोकायचं, सरसाचं अस्तर द्यायचं आणि काठीएवढ्या दांड्याचा ब्रश घेऊन चित्रावरून चालत चालत रंगवायचं. पायाखाली काय चाललंय ते रंगवणाऱ्याला कळत नाही. अधूनमधून वरच्या सज्जात जाऊन खाली वाकून बघायचं, मग पुन्हा उतरायचं. जवळून जे निव्वळ फराटे दिसतात ते तिसाव्या रांगेतून झाडाची साल दिसले पाहिजेत. आणि रंग मिसळायचा तो दिवसाच्या उजेडावर नाही, प्रयोगाच्या दिव्यांवर. दुपारी सुरेख दिसणारा निळा पिवळ्या दिव्याखाली मळकट हिरवा पडतो, हे प्रत्येक पिढीतल्या रंगाऱ्याला नव्याने कळतं.

जर्मन संगीतकार वाग्नरने १८७६ मध्ये बायरॉयटला स्वतःचं नाट्यगृह उघडलं तेव्हा प्रेक्षागृहात अंधार केला आणि वाद्यवृंद खड्ड्यात दडवला. प्रेक्षकाला मंचाखेरीज बघायला काही उरलंच नाही. योसेफ होफमान या चित्रकाराने केलेले देखावे समोर होते, पण अशा रोखलेल्या नजरेपुढे रंगवलेला डोंगर हे कापडच राहतं. त्याचा हिशेब आडोल्फ आप्पिया या स्विस माणसाने मांडला. त्याचं म्हणणं कुठल्याही प्रकाशयोजनाकाराला तोंडपाठ असतं. पडद्यावरच्या सूर्याचा उजेड गायकावर पडत नाही. पडदा दिसावा म्हणून दिवे वाढवले तर गायक सपाट होतो. गायकावर दिवा टाकला तर त्याची सावली थेट हिमशिखरावर पडते. म्हणून रंगवलेलं कापड काढा, पायऱ्या आणि लेव्हल्स द्या, बाकीचं चित्र उजेडाने काढा. वाग्नरची पत्नी कोझिमाने हे बायरॉयटच्या दारातही येऊ दिलं नाही. संगीत-संचालक तोस्कानिनीने १९२३ मध्ये आप्पियाला मिलानच्या ला स्कालात वाग्नरचाच ‘ट्रिस्टान’ करायला बोलावलं, तर प्रेक्षकांनी नाकं मुरडली.

आप्पियाचं बोलणं पटलेला आणि तरीही रंग न सोडणारा माणूस व्हिएन्नात निघाला. आल्फ्रेड रोलर हा तिथल्या झेत्सेसिओन चळवळीतला चित्रकार. तिथल्या ऑपेराचा संचालक गुस्ताव माहलर याने त्याला १९०३ मध्ये ‘ट्रिस्टान उंड इझोल्डे’ दिला. त्याने पहिला अंक धगधगत्या नारिंगी-तांबड्यात, दुसरा गडद जांभळ्यात आणि तिसरा राखाडीत बांधला. रंग कापडावर होताच, पण हवेतही होता आणि गाणाऱ्याच्या अंगावरही. आज दर दुसऱ्या नाटकात प्रवेशागणिक रंग बदलतो तेव्हा रोलरचं नाव कुणी घेत नाही.

रशियाची गोष्ट वेगळी आहे. मॉस्कोचा रेल्वेसम्राट मामोंतोव याने १८८५ मध्ये खासगी ऑपेरा काढला आणि वास्नेत्सोव, कोरोविन, पुढे व्रुबेल अशा कसलेल्या चित्रकारांना पडद्यांवर बसवलं. तिथून चित्रकाराला रंगारी समजणं हळूहळू संपलं. डिसेंबर १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला ‘सूर्यावर विजय’ हा विक्षिप्त ऑपेरा झाला, नेपथ्य आणि वेशभूषा काझिमीर मालेविचची. माणूस चित्रात बसत नाही ना, मग माणूसच मोडा, असा त्याचा खाक्या. गायकांना पुठ्ठ्याचे कोन-त्रिकोण चढवले आणि झोतांच्या दिव्यांनी कुणाचा हात, कुणाचं डोकं तेवढं उजेडात ठेवलं. एका प्रवेशाच्या पडद्यावर चौकोन होता, तिरका कापून अर्धा काळा, अर्धा पांढरा. दोन वर्षांनी पेत्रोग्रादच्या प्रदर्शनात मालेविचने ‘काळा चौकोन’ टांगला आणि त्याचा जन्म १९१३ चा, म्हणजे त्या ऑपेराचा, असं सांगत राहिला. अमूर्त चित्रकलेतलं सगळ्यांत गाजलेलं चित्र नेपथ्याच्या आराखड्यातून आलं, याचा नेपथ्यकारांनी खुशाल अभिमान बाळगावा.

पण मूळ अडचणीचं सगळ्यांत देखणं उत्तर इंग्लंडमध्ये निघालं, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या चित्रांपासून तिथवर पोचायला जवळजवळ अडीचशे वर्षं लागली. विल्यम हॉगार्थने १७३० च्या दशकात एका उधळ्या तरुणाची कथा आठ चित्रांत रंगवली. वारसा मिळतो, पैसा उडतो, जुगार, तुरुंग, शेवटी बेडलमचं वेड्यांचं इस्पितळ. १७३५ मध्ये त्याने तिचे छाप काढून विकले. १९४७ साली शिकागोच्या प्रदर्शनात संगीतकार स्ट्राविन्स्कीने ते पाहिले आणि त्यांत त्याला एकामागून एक प्रवेशच दिसले. डब्ल्यू. एच. ऑडन आणि चेस्टर कॉलमन यांनी संहिता लिहिली आणि १९५१ मध्ये व्हेनिसला ‘द रेक्स प्रोग्रेस’ रंगमंचावर आला. मग १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या ग्लाइंडबर्न ऑपेरा महोत्सवाने हा ऑपेरा चित्रकार डेव्हिड हॉकनीकडे दिला. हॉकनीने तरुणपणी याच कथेवरून स्वतःची एचिंग मालिका केली होती, म्हणजे माल ओळखीचा.

हॉकनीने हॉगार्थच्या चित्रांतला विषय घेतला, पण खरी उचल केली ती छापाच्या रेघेची. छापात सावली रंगाने देता येत नाही. तिरक्या रेघा एकमेकींवर टाकून जाळी विणावी लागते. हॉकनीने ती जाळी मंचाएवढी मोठी केली. भिंतीवर रेघा, छतावर रेघा, खुर्चीवर, पलंगावर रेघा. रंग मोजके, छपाईच्या शाईसारखे तांबडा, निळा, हिरवा, काळा. आणि मग निर्णायक चाल: त्याच रेघा कोटांवर आणि झग्यांवरही. गायक आता चित्रापुढे उभा नव्हता, तो त्याच कागदातून कापून काढलेला होता. विचेन्झाच्या रस्त्यात माणूस शिरला की चित्र फसायचं. इथे माणूस शिरल्याशिवाय चित्र पुरंच होत नाही. ग्लाइंडबर्नने हा प्रयोग पुढची अनेक दशकं पुन्हा पुन्हा उभा केला, यात नवल नाही.

चित्रकार नावाजलेला असला की ऑपेराचं काम साधतंच असं नाही. मार्क शगालने १९६४ मध्ये पॅरिस ऑपेराचं छत रंगवलं, ते बघायला मान मोडेपर्यंत वर बघावं. १९६७ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरासाठी ‘मॅजिक फ्लूट’चे पडदे आणि कपडे केले. नुसते पडदे बघितले तर डोळे निवतात, पण त्यांच्यापुढे उभं राहिलेलं गाणारं माणूस शोधावं लागतं. मुंबईत जन्मलेला शिल्पकार अनीश कपूर नेमका उलट्या बाजूने आला. ग्लाइंडबर्नचा ‘इडोमेनिओ’ २००३ मध्ये, ब्रसेल्सचा ‘पेलेआस’ २००८ मध्ये, लंडनचा ‘ट्रिस्टान’ २०१६ मध्ये. ‘ट्रिस्टान’च्या पहिल्या अंकात त्याने मंच उंच भिंतींनी तीन भागांत चिरला, जवळ असूनही प्रेमिकांना एकमेकांपर्यंत पोचता येऊ नये म्हणून. कल्पना थोर आहे. पण अशा भिंती उभ्या राहिल्या की टोकाच्या खुर्च्यांवरून एक भाग गायब होतो, आणि त्या प्रेक्षकाने तिकिटाचे पैसे मोजलेले असतात. नेपथ्यकार आराखडा करतानाच टोकाच्या खुर्चीवर बसून बघतो. शिल्पकाराला ती सवय नसते.

शिवाय एक गोष्ट प्रदर्शनात कधीच कळत नाही. ऑपेराचा गायक मायक्रोफोनशिवाय गातो, समोरच्या सत्तर-ऐंशी वाद्यांवरून आवाज काढतो आणि गाताना त्याला संगीत-संचालकाचा हात दिसावा लागतो. मागे कापड असेल तर आवाज तिथे मुरतो. लाकडाची कडक भिंत असेल तर तो पुढे फेकला जातो. म्हणून मुरलेले गायक रंगीत तालमीच्या आधीच नेपथ्याच्या भिंतीवर टिचकी मारून बघतात. संगीत नाटकात पडद्यापुढे, अगदी दिव्यांपाशी येऊन पद म्हणायची जी रीत होती, तिच्यात हेच शहाणपण होतं. राजवाडा कितीही सुरेख रंगवलेला असो, गाणं पुढे येऊनच.

ऑपेरा बघायला युरोपला जायलाच हवं असं नाही. मेट्रोपॉलिटनचे चित्रित प्रयोग मुंबईत एनसीपीएमध्ये दाखवले जात आले आहेत. तिथे एक पथ्य पाळावं. कॅमेरा सारखा गायिकेच्या चेहऱ्यावर जातो आणि नेपथ्य कापून टाकतो. तो जेव्हा मागे येऊन पूर्ण मंच दाखवील तेव्हा चेहरा सोडा आणि तिच्या पायांकडे, मग पाठीमागच्या भिंतीकडे बघा. ती त्या चित्रात उभी आहे की चित्रापुढे, ते तेवढ्यात कळेल.