काटा लाल, गाडी गार

निपाणी सोडली की तवंदीचा घाट लागतो. ट्रकांच्या मागून आमची 1984 ची पद्मिनी कुंथत चढत होती आणि अर्ध्या घाटात तापमानाचा काटा टुणकन उडून लालवर जाऊन बसला. गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडलं. वाफ नाही, पाणी खदखदल्याचा आवाज नाही. फक्त जळक्या तेलाचा वास, आणि तो कोल्हापुरापासूनच सोबतीला होता. खरं दुखणं तेच. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवला की सकाळी त्यावर भाकरीएवढा डाग. ‘क्रँकचं मागचं सील गेलंय, इंजिन उतरवावं लागणार,’ असं एका गॅरेजवाल्याने न वाकताच सांगितलं होतं. म्हणून तर बेळगावला निघालो होतो.

बेळगावचं लोखंडाशी जुनं नातं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये सायकलचं दुकान काढलं ते इथेच. 1910 मध्ये ते किर्लोस्करवाडीला गेले, पण फौंड्र्या आणि लेथ या गावात रुजल्या. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडणं कधीच थांबलंय, मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. आता सुटा भाग मिळाला तर मिळाला, नाहीतर कातून घ्यायचा.

तिसरं रेल्वे फाटक, उद्यमबाग, पिरनवाडी आणि मग मच्छे. पाट्या कानडी, बोलणं मराठी. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ याच मच्छ्यात, पण मला जायचं होतं एका पत्र्याच्या शेडमध्ये. मिस्त्रींनी गाडीला हात लावण्याआधी विचारलं, “पावणं, काटा चढत गेला का उडाला?”

“उडाला.”

“मग वायर बघूया. पाणी कधी उडी मारून तापतंय काय?”

तासभर चहा, गप्पा. इंजिन निवल्यावर त्यांनी नुसती चावी फिरवली. काटा थेट लालवर! इंजिनाच्या हेडात बसवलेल्या सेन्सरची वायर काढली, तरी काटा ढिम्म हलेना. म्हणजे सेन्सरचा दोष नाही. सेन्सर गरम होईल तसा त्याचा विरोध कमी होतो, जास्त करंट जातो आणि काटा चढतो. मधेच वायर बॉडीला टेकली तर सगळा करंट तिथूनच जाणार. केबिनच्या पत्र्यातून वायर जिथे आत शिरते, तिथली रबरी कडी झडून गेली होती. पत्र्याच्या धारेवर घासून वायर नागडी पडलेली.

नवी वायर टाकल्यावरही मिस्त्रींचं समाधान होईना. सेन्सर काढून त्यांनी चहाच्या पातेल्यात उकळत्या पाण्यात सोडला. त्याचा धातू दुसऱ्या वायरने बॉडीला जोडला, नाहीतर काटा हलतच नाही. काटा शांतपणे चढला आणि लालच्या अलीकडे थांबला. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, इथलं पाणी साधारण 97 अंशांनाच उकळतं, तेव्हा हिशेब बरोबर होता. (त्या पातेल्यात पुन्हा चहा झाला का, हे मी विचारलं नाही.)

मग तेल. रॉकेलने इंजिन पुसलं, वाळवलं आणि वरून चक्क तोंडाला लावायची पावडर शिंपडली. पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवलं. पांढऱ्यावर एक काळी रेघ उमटली, ती टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघून खाली गिअरबॉक्सच्या तोंडाशी उतरत होती. क्रँकचं सील बिचारं निर्दोष!

मला वाटलं, कव्हरचं पॅकिंग बदललं की संपलं. “पॅकिंग फुटलंय, खरं फुटलं कशानं?” म्हणत त्यांनी ब्रीदरची नळी काढली. आत डांबरासारखा गाळ. इंजिनातल्या वाफेला वाट नाही, म्हणून दाब वाढून तेल मिळेल त्या फटीतून बाहेर. शिवाय कोणीतरी नट आवळून आवळून बुचाचं पॅकिंग चिरडलेलं. तो ‘कोणीतरी’ मीच होतो, पण तिथे गप्प राहिलो.

परतताना तवंदी उतरेपर्यंत माझी नजर रस्त्यापेक्षा काट्यावरच जास्त. तो मधोमध. सकाळी पुठ्ठा बाहेर ओढला, तर रुपयाएवढा एक थेंब. घरात जाऊन बायकोचा पावडरचा डबा उचलून आणला.