बुद्धिबळाचा पट, व्हायोलिन आणि कुलूपबंद खोली

मंडळी, आज कापसाचा भाव नाही, रस्त्यातले खड्डे नाहीत, कोणाचं तिकीट कापलं गेलं तेही नाही. आज बुद्धिबळ आणि व्हायोलिन. थांबा, लगेच पुढे सरकू नका. शेवटी विषय आपल्या तेल्हाऱ्याचाच आहे.

रात्री बातम्या पाठवून झाल्या की मी दोन गोष्टी करतो. मोबाईलवर दहा मिनिटांचा एखादा डाव खेळतो, आणि कानात व्हायोलिन लावतो. कधी व्ही. जी. जोग, कधी डी. के. दातार, कधी एन. राजम. खेळाडू मी साधाच आहे, आणि संगीताची एकही परीक्षा दिलेली नाही. बरीच वर्षं हे चालू आहे, आणि तितकीच वर्षं एक वाक्य ऐकत आलोय : "भाऊ, हे मोठ्या शहरातल्या लोकायचे शौक हायेत. आपल्या गावात कोनाले पायजे हे?"

मला म्हटलं तर मी हसून सोडून देतो. पण हेच वाक्य घराघरात पोरांनाही ऐकवलं जातं, आणि दहा-बारा वर्षांच्या पोराला ते खरं वाटतं. म्हणून आज त्याच्यावरच लिहितोय.

आधी बुद्धिबळ घ्या. हा खेळ मुळात आपलाच. चतुरंग या नावानं इथे जन्मला, इराणात गेला, अरबांकडे गेला, तिथून युरोपात पोचला. 'शह' हा शब्दच फारसीतला, शाह म्हणजे राजा. युरोपात आपल्या वजिराची राणी झाली, तिची ताकद वाढली, नियम बदलले, आणि बदललेला खेळ इंग्रजांबरोबर परत आला. आपल्याकडचे जुने लोक देशी पद्धतीनं खेळायचे, काही जणांना आठवत असेल. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जाणार. कॅसलिंग नाही, त्याऐवजी राजाला एकदाच घोड्यासारखी उडी. पारावर पट मांडून दोन म्हातारे बसलेले आणि भोवती दहा सल्लागार उभे. त्यातल्या कोणालाच हा मोठ्या शहराचा खेळ आहे असं वाटत नव्हतं.

व्हायोलिनचा प्रवास बरोबर उलटा. ते युरोपातून इथं आलं. दक्षिणेत साधारण दोनशे वर्षांपूर्वी बालुस्वामी दीक्षितरांसारख्यांनी ते कर्नाटक संगीतात आणलं. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात चर्चच्या शाळांमधून पोरं ते शिकली आणि पुढे मुंबईला येऊन सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवू लागली. 'माय नेम इज अँथनी गोन्साल्विस' हे गाणं लग्नाच्या वरातीत आपण सगळेच नाचलोय. ते नाव गोव्याच्या माजोर्डा गावच्या एका खऱ्या व्हायोलिनवादकाचं आहे. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य.

आपल्या वादकांनी या पाहुण्याला मांडी घालून बसायला शिकवलं. युरोपात ते हनुवटीखाली धरून वाजवतात. आपल्याकडे वादक जमिनीवर बसतो, वाद्याचं एक टोक छातीला टेकवतो आणि दुसरं पावलावर. सतारीला असतात तसे पडदे व्हायोलिनला नाहीत. त्यामुळे बोट तारेवरून हवं तसं घसरवता येतं, गळ्यातून निघावी तशी मींड निघते. एन. राजम यांचं वादन ऐकताना कोणीतरी गातंय असं वाटतं ते त्यामुळेच. पण पडदे नाहीत म्हणजे खूणही नाही. स्वर कुठे आहे ते फक्त कानानं शोधायचं. बोट केसभर सरकलं की बेसूर. शिकणाऱ्याची पहिली एक-दोन वर्षं ही घरच्यांच्या सहनशक्तीची परीक्षा असते, असं म्हणतात ते उगीच नाही.

तर, एक खेळ आपला होता, तो जगभर फिरून बदलून परत आला. एक वाद्य परक्यांचं होतं, ते इथं येऊन आपलं झालं. दोघांच्याही बाबतीत एकच गोष्ट खरी ठरली : जो त्याच्यासोबत रोज बसला, त्याचं ते झालं.

आता कोणी म्हणेल, ठीक आहे, पण तालुक्याच्या गावात? तर पांढरकवडा बघा. आपल्यासारखंच कापूस पट्ट्यातलं तालुक्याचं गाव. तिथल्या कशाळकरांच्या घरात वडील वकील आणि गाण्याचे जाणकार. त्यांची अरुण, विकास आणि उल्हास ही तिन्ही मुलं गायक झाली. उल्हास कशाळकर आज देशातल्या पहिल्या रांगेतले ख्यालगायक आहेत. पुढे ते ज्यांच्याकडे शिकले ते गजाननबुवा जोशी गायकही होते आणि व्हायोलिनवादकही. पण सुरुवात झाली ती पांढरकवड्यात, घरात रोज गाणं कानावर पडत होतं म्हणून.

बुद्धिबळातही तेच. आमच्या पत्रकारितेतलं उदाहरण देतो. 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी. 1974 पासून 1983 पर्यंत महिलांचं राष्ट्रीय विजेतेपद या एकाच घरात राहिलं. 1976 मध्ये रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली तर केवढा गदारोळ झाला. प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं, आणि शेवटी जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावं लागलं की बाईला अशी स्पर्धा खेळण्यापासून अडवता येणार नाही. 'आपल्या लोकांसाठी नाही' हे वाक्य तेव्हाही होतंच, फक्त ते मुलींना उद्देशून होतं.

आणि नागपूरची दिव्या देशमुख. 28 जुलै 2025 रोजी जॉर्जियातल्या बातुमी शहरात तिनं महिला विश्वचषक जिंकला. वय 19. स्पर्धेत मानांकन पंधरावं. अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपी. पहिले दोन डाव बरोबरीत, मग जलद डावांमध्ये निकाल. त्या विजयानं ती थेट ग्रँडमास्टर झाली, भारताची 88 वी. राज्य सरकारनं तिला तीन कोटी रुपये दिले. चांगलंच केलं, याबद्दल दुमत नाही.

पण बक्षीस शेवटी मिळतं. सुरुवातीला जे लागतं ते स्वस्त असतं, आणि नेमकं तेच आपल्याकडे नाही : बसायला जागा, समोर बसणारा माणूस, आणि चुकलं तर सांगणारा कोणी.

मोबाईल आहे ना, असं म्हणाल. आहे, आणि त्याचे उपकारही आहेत. आपल्या गावातली पोरं आज फुकटात कुठल्याही देशातल्या खेळाडूशी खेळतात. फक्त अडचण अशी की आपल्याकडे 'मोबाईलवर गेम' म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांपुढे रमी येते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्रानं ऑगस्ट 2025 मध्ये कायदा करून बंदी आणली. त्याआधी कितीतरी घरांचं नुकसान व्हायचं ते झालं. त्यामुळे बुद्धिबळ खेळणारा आणि रमी खेळणारा दोघंही एकाच काठीनं झोडपले जातात. मायबापांचंही चूक नाही, त्यांना दिसतं ते सारखंच, मान खाली आणि अंगठा चालू.

आणि मोबाईल सगळं शिकवत नाही. शालेय क्रीडा स्पर्धेत तालुका पातळीवर पाहिलेला एक प्रसंग सांगतो, शाळेचं नि पोराचं नाव देत नाही. पोरगा हुशार, मोबाईलवर मोठ्या माणसांना हरवणारा. डावात त्याची स्थिती चांगली होती. त्याला कॅसलिंग करायचं होतं, आणि त्यानं आधी हत्तीला हात लावला, मग राजाला. समोरच्यानं हात वर केला. नियम असा की ज्या मोहऱ्याला आधी हात लागला तो चालवायचा. आधी राजा उचलला असता तर कॅसलिंग झालं असतं. आता हत्तीच हलवावा लागला. राजा मधेच उघडा राहिला आणि डाव गेला. पोरगं रडलं नाही, पण नंतर मला म्हणालं, "काका, मले कोनी सांगतलंच नोतं. मोबाईलवर तर कुठंबी बोट ठेवलं तरी चालते."

त्याला कोणी सांगितलं नाही, कारण त्याच्यासमोर कधी कोणी बसलंच नव्हतं. घड्याळ कसं दाबायचं, चाली कागदावर कशा लिहायच्या, हरल्यावर हात मिळवून समोरच्यासोबत पुन्हा डाव मांडायचा आणि कुठं चुकलं ते बघायचं, हे पटावरच शिकायला मिळतं. मोबाईलवर हरलं की पोरं लगेच 'नवा डाव' दाबतात.

व्हायोलिनचं दुखणं याहून मोठं. ऐकायला आता काही कमी नाही. आकाशवाणीची चोवीस तास शास्त्रीय संगीत देणारी 'रागम्' वाहिनी 26 जानेवारी 2016 पासून चालू आहे, मोबाईलवर फुकट. पण शिकायचं कुठं? आपल्याकडे पेटी आणि तबला शिकवणारे आहेत, ते भजनी मंडळांच्या पुण्याईनं. हरिपाठात बसणाऱ्या पोरांना सूर कळतो, ताल अंगात असतो, ही आपल्या गावांची खरी श्रीमंती. व्हायोलिन शिकवणारं मात्र मला इथं कोणी सापडलं नाही. एका मुलीनं विचारलं होतं, "काका, अकोल्याले क्लास हाय का?" असेलही. पण शाळा सुटल्यावर एसटीनं अकोल्याला जायचं आणि अंधारात परत यायचं, याला कोणते मायबाप हो म्हणतील? अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून पुढे देता येतात. शास्त्रीय कलांसाठी दहावीला वाढीव गुणही मिळतात. सवलत कागदावर सगळ्यांना सारखी, पण तिथवर पोचायचा रस्ता आपल्या पोरांसाठी लांबचा.

काही जण विचारतात, या दोन्हीचा एकमेकांशी संबंध काय? गंमत म्हणून सांगतो, 1937 मध्ये मॉस्कोत व्हायोलिनवादक डेव्हिड ऑइस्त्राख आणि संगीतकार सर्गेई प्रोकोफिएव्ह यांचा चक्क बुद्धिबळाचा सामना झाला होता. अट अशी की हरणाऱ्यानं मैफल करायची. पण माझ्यापुरता संबंध साधा आहे. दिवसभर आमच्या धंद्यात घाई. कोण काय बोललं, कोणी काय उत्तर दिलं, लगेच पाठवा. पटावर घाई करून चालत नाही. चाल करण्याआधी विचारावं लागतं की समोरच्यानं ही चाल का केली असेल. हा एक प्रश्न आपण गावच्या राजकारणात, व्हॉट्सॲप ग्रुपवर, अगदी माझ्या पोस्टखालीही किती वेळा विचारतो? आणि दातारांचा आलाप चालू असतो तेव्हा तर शब्दच नसतात. कोणाची बाजू नाही, कोणाला उत्तर नाही. पुढचा स्वर येईपर्यंत गप्प बसायचं. गप्प बसून ऐकणं ही सवय आहे, आणि सवय लहानपणी लागते.

तर आता मुद्द्यावर.

आपल्या गावात सार्वजनिक पैशातून बांधलेल्या खोल्या आहेत. कोणत्या, ते तुम्हाला माहीत आहे, मी नाव घेत नाही. रविवारी संध्याकाळी त्यांना कुलूप असतं. मागणी एवढीच : त्यातली एक खोली दर रविवारी चार ते सात उघडी द्या. पहिले दोन तास बुद्धिबळ. शेवटचा एक तास ऐकण्याचा, एकच राग, नीट, आधी दोन मिनिटं माहिती देऊन. पोरंपोरी, म्हातारेकोतारे, कोणीही यावं. वेळ सातपर्यंतच, म्हणजे मुलींच्या घरच्यांनाही काळजी नको.

खर्च सांगतो. गुंडाळता येणारा पट आणि प्लास्टिकचे मोहरे चार-पाचशे रुपयांत येतात, म्हणजे दहा पट पाच हजारांत. शिकायला चालेल असं व्हायोलिन साधारण पाच हजारांच्या आसपास. दोन घेतले तर आळीपाळीनं पाच-सहा पोरं हात बसवू शकतात. महिन्यातून दोनदा अकोल्याहून शिकवणारं माणूस बोलवायचं तर त्यांचं मानधन आणि एसटीचं भाडं. आपल्या चौकात एका भाऊंच्या वाढदिवसाचे जेवढे फ्लेक्स लागतात, तेवढ्यात वर्षभराचं सामान येतं. आणि फ्लेक्स तर आठ दिवसांत फाटतो.

"आधी स्पर्धा परीक्षेच्या पोरांना अभ्यासिका द्या" असं कोणी म्हणेल. द्याच. सहा दिवस आणि सातव्या दिवशी चारपर्यंत तीच खोली त्यांना द्या. दोन्ही मागण्या एकमेकींच्या आड येत नाहीत. दोघांनाही कुलूपच आड येतं.

यातून उद्या दिव्या देशमुख निघेल किंवा उल्हास कशाळकर निघतील, असं मी म्हणत नाही. दोन-चार पोरांना आधी राजा उचलायचा असतो एवढं कळलं, आणि एखाद्या पोरीच्या हातात गज आला, तरी माझ्या हिशेबानं पैसे वसूल.

निवेदन तयार आहे. माझ्याकडचे दोन पट देतो. कोणाकडे पडून असलेला पट, घड्याळ, स्पीकर असेल, एखादे निवृत्त गुरुजी रविवारचे दोन तास देणार असतील, कोणाला व्हायोलिन शिकवणारं ओळखीचं असेल, तर खाली लिहा. सह्या करायला बुधवारी संध्याकाळी बसस्टँडसमोर भेटतो. कोणत्याही पक्षाचा बॅनर लागणार नाही, ही एकच अट.

#तेल्हारा #बुद्धिबळ #व्हायोलिन