शुभेच्छापत्राची मजुरी

मार्चमध्ये जयंतीच्या बैठकीत आम्ही मोठ्या उत्साहाने एक ठराव मांडला. यंदा पाहुण्यांना शाल-श्रीफळ नको, हाताने अक्षर काढून भरतकाम केलेले शुभेच्छापत्र द्यायचे. आमच्या पुण्यातल्या वस्तीतली एक मुलगी डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे, ती अशी कार्डे करते. तिच्याकडून ४० कार्डे घ्यावीत आणि सामानाचे ८०० रुपये द्यावेत. टाळ्या पडल्या. मजुरीचा शब्द कोणीच काढला नाही. आम्हीही नाही, आणि आम्ही तर समाजशास्त्रात एम. ए. केलेले, श्रमाच्या प्रश्नावर शिबिरांतून तासतासभर बोलणारे!

निरोप द्यायला घरी गेलो तेव्हा ती जमिनीवर बसून काम करत होती. पाहत बसलो. ‘मंगलकामना’ हा एकच शब्द तिने पातळ कागदावर दहा-बारा वेळा लिहिला होता. मोबाइलच्या बऱ्याच फाँटांत ‘ल’ हिंदी वळणाचा येतो. तिला मराठी ‘ल’ हवा, म्हणून अक्षर हातानेच. मग तो कागद कार्डावर ठेवून, खाली फोमचा तुकडा घेऊन, रेषेवर सुईने नुसती भोके पाडायची. भोके फार जवळ पडली की कार्ड पोस्टाच्या तिकिटासारखे फाटते. कापडावर टाका चुकला तर उसवता येतो, कागदावर चुकीचे भोक कायमचे दिसत राहते. बोहरी आळीतून आणलेल्या सहापदरी दोऱ्याचे दोनच पदर सुईत घ्यायचे. शिरोरेषेला उलटी टीप, वळणाला साखळी टाका, आणि अनुस्वार म्हणजे दोऱ्याची एक गाठ. ही गाठ आम्हाला फार आवडली. कडेची किनार मात्र तिची आई घालते. चार घरची कामे आटोपून आल्यावर, संध्याकाळी. साधा धावदोरा, वाकळेला घालतात तोच.

कॉलेजात या किनारीचे कौतुक झाले म्हणे. ‘लोककलेतून प्रेरणा’ असे एका शिक्षकांनी लिहून दिले. आईचे नाव त्यात कुठे असणार? टाका प्रेरणा होतो आणि टाका घालणारी बाई तशीच घरकामाला जाते.

हे आपल्याकडेच घडते असेही नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रेशमी जाळीच्या पट्ट्यांवर बायका फुले, झेंडे, शुभेच्छा भरत. मग पट्ट्या कापून कार्डांवर चिकटवल्या जात आणि सैनिक ती कार्डे घरी पाठवत. ती कार्डे आज संग्रहालयांत आहेत. सैनिकाने मागे लिहिलेला मजकूर वाचायला मिळतो. पुढचे फूल कोणी भरले, हे कार्डावर नसते.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिले की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे. हे आम्ही शेकडो वेळा सांगितले असेल. पण बाईच्या हातचे काम आले की आमच्याही तोंडी ‘आवड’ आणि ‘समाजासाठी योगदान’ हेच शब्द येतात. ही विभागणी मग चळवळीच्या आत झाली, असेच म्हणावे लागेल.

आम्ही ८०० रुपये पुढे केले. तिने घेतले नाहीत. वहीचे पान फाडून हिशेब मांडला. “दादा, एका कार्डाला अडीच तास लागतात. चाळीसचे शंभर तास. आठ तासांचा दिवस धरला तर साडेबारा दिवस. मांडव घालणाऱ्या पोराला तुम्ही दिवसाला किती देता?”

“सहाशे.”

“मग साडेसात हजार झाले. सामान वेगळं.”

आमच्या तोंडून निघून गेले, “अगं, बाबासाहेबांची जयंती आहे.”

“म्हणूनच विचारलं,” ती म्हणाली. आई चहा गाळत होती. तिने वर पाहिले नाही, पण हसली असावी.

पुढच्या बैठकीत हिशेबाचे पान वाचून दाखवले. कुरकुर झाली. ‘पोरगी शिकली आणि धंदा करायला लागली’ असेही एकजण म्हणाला. त्याच बैठकीत डीजेचे ३५,००० रुपये दोन मिनिटांत मंजूर झाले होते, आणि ते मंजूर करताना आमचाही हात वर होता. शेवटी १२ कार्डे ठरली: पौणेचार दिवसांचे २,२५० आणि सामानाचे २४०, एकूण २,४९० रुपये. उरलेल्या २८ पाहुण्यांना पुस्तके दिली.

१३ एप्रिलच्या रात्री तिने कार्डे आणून दिली, सोबत हाताने लिहिलेले बिल. कार्डाच्या मागे दोऱ्याच्या गाठी झाकायला कागद चिकटवलेला होता. त्यावर बारीक अक्षरात दोन ओळी: अक्षर व भरतकाम, तिचे नाव, किनार, आईचे नाव. बिलातही दोघींची मजुरी वेगवेगळी लावली होती. आईच्या वाट्याला ६०० रुपये आले होते.