बर्लिनच्या ‘बॅबिलॉन’मधील ऑर्गन

बर्लिनमधील रोझा लक्झेंबुर्ग चौकात वास्तुविशारद हान्स पोएल्त्सिग यांनी उभारलेले ‘बॅबिलॉन’ चित्रपटगृह आहे. १९२९ च्या एप्रिलमध्ये ते उघडले, तेव्हा मूकपटांच्या साथीसाठी तेथे फिलिप्स कंपनीचा ऑर्गन बसवण्यात आला. व्यवहाराच्या दृष्टीने ही गुंतवणूक अवेळी ठरली. बोलपट दाराशी येऊन ठेपले होते. थोड्याच वर्षांत पडदा स्वतः बोलू लागला आणि देशोदेशींच्या चित्रपटगृहांतील वादकांची उपजीविका गेली.

हा ऑर्गन मात्र टिकला. मूळ जागी राहून आजही वाजणारा जर्मनीतील हा एकमेव चित्रपट-ऑर्गन होय. शनिवारी मध्यरात्री येथे मूकपट विनामूल्य दाखवतात. अंधारात वादकाची नजर पडद्यावर असते. पाय मंद्र स्वर धरतात, बोटे पाठलागाची धांदल, वादळाची चाहूल, विरहाची शांतता त्याच क्षणी सुरांत मांडतात. चित्रपट शतकापूर्वीचा, संगीत मात्र त्या रात्रीपुरतेच.

वाद्याची डागडुजी पैशाने होते. आयत्या वेळी सुचण्याची विद्या मात्र नित्य वाजवणाऱ्या हातांतच राहते. हे ओळखून ‘बॅबिलॉन’ने आन्ना वाविल्किना यांना ऑर्गनवादक म्हणून कायम नोकरी दिली. तिकिटाचा गल्ला नसलेल्या त्या मध्यरात्री वादकाचे वेतन मात्र चुकत नाही.