विटांचा वाडा आणि एक बरोबर उत्तर



मी पुणे जिल्ह्यातल्या एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे. आमच्या शाळेच्या आसपास वीटभट्ट्या आहेत. दिवाळीनंतर तिथे मराठवाड्यातून कुटुंबं येतात आणि पावसाळ्याच्या आत परत जातात. त्यांची मुलं वर्षाच्या मध्येच वर्गात दाखल होतात. असाच एक मुलगा माझ्या चौथीच्या वर्गात होता. मागच्या बाकावर बसायचा, विचारलं तरी बोलायचा नाही.

जानेवारीत आमची सहल शनिवारवाड्याला निघाली. खरं सांगते, यादी करताना त्याचं नाव मी लिहिलंच नव्हतं. पैसे देतील का, सहलीपर्यंत इथे राहतील का, असे हिशेब मीच मनात केले होते. आदल्या दिवशी त्याची आई मुठीत पैसे घेऊन शाळेत आली, तेव्हा मला ओशाळल्यासारखं झालं.

वाड्यासमोर मुलांना उभं करून मी नेहमीसारखी माहिती सांगितली. 10 जानेवारी 1730 रोजी पहिल्या बाजीरावांनी वाड्याचा पाया घातला. 1732 मध्ये वास्तुशांत झाली. वाड्याला पाच दरवाजे आणि नऊ बुरूज आहेत. उत्तरेचा तो दिल्ली दरवाजा. हत्तींनी धडक देऊ नये म्हणून त्याच्या फळ्यांवर अणकुचीदार खिळे ठोकलेत. मुलांनी खिळे मोजायला सुरुवात केली, मीही खूश.

मग मी तटाकडे बोट दाखवून विचारलं, "खाली दगड आणि वर विटा, असं का?" सगळे गप्प. मी दंतकथा सांगितली, की दगडी वाडा बांधण्याचा मान फक्त छत्रपतींचा, म्हणून पेशव्यांनी वरचं काम विटांत केलं, असं म्हणतात. दंतकथा म्हणजे इतिहास नव्हे, हेही सांगितलं. खालचा दगड ओल आणि मार सहन करतो आणि वरची वीट हलकी, हे कारण तर डोळ्यांना दिसतंच.

पायऱ्या चढून आम्ही तटावर गेलो. तिथे विटा हाताशी येतात. मागे वळून बघते तर आमचा हा मुलगा भिंतीला गाल लावून उभा! विटेवरून बोट फिरवत म्हणाला, "बाई, ही वीट लई पातळ हाय. आमची जाड असती. पातळ वीट आतपर्यंत भाजती, जाड आतून कच्ची राहती." दोन महिन्यांत तो पहिल्यांदाच इतकं सलग बोलला होता.

वरून आत पाहिलं तर फक्त जोती आणि हिरवळ. मी सांगितलं, "27 फेब्रुवारी 1828 रोजी वाड्याला आग लागली. ती सात दिवस धुमसत होती, असं सांगतात. आतल्या इमारती गेल्या, तट मात्र राहिला. का बरं?"

तोच बोलला, "वीट कशाला जळतीय बाई? ती तर आधीच भाजलेली असती."

बाकीची मुलं हसली. मी नाही हसले. त्याच्या उत्तरात मी एवढीच भर घातली, की वाड्याचा सांगाडा सागवानी खांब आणि तुळयांचा असतो, विटा त्या सांगाड्यात भरलेल्या असतात. लाकूड जळालं की भिंतीला आधार उरत नाही. वीट जळत नाही, पण ढासळते. तटाला तसा लाकडी सांगाडा नव्हता, म्हणून तो टिकला. डी.एड.ला आम्ही 'पूर्वानुभवाशी सांगड' हा शब्द पाठ केला होता. त्याचा अर्थ मला त्या पायऱ्यांवर कळला.

पुढच्या आठवड्यात चाचणी घेतली. प्रश्न होता, 'शनिवारवाडा कोणी बांधला?' सगळ्यांनी लिहिलं, पहिले बाजीराव. याने लिहिलं, 'विटा थापनाऱ्यांनी आनि गवंड्यानी.' लाल पेन हातात धरून मी बराच वेळ बसून राहिले. चूक कुठे होती? माझ्या प्रश्नात. बाजीरावांनी वाडा 'बांधून घेतला', 'बांधला' दुसऱ्यांनीच. मी त्याला पूर्ण गुण दिले, खाली 'बांधून घेतला – पहिले बाजीराव' असं लिहिलं आणि वर्गाला दोन्ही क्रियापदांतला फरक फळ्यावर समजावला. इतिहासाच्या तासाला व्याकरणही झालं!

मे महिन्यात भट्टी बंद झाली आणि ते कुटुंब गेलं. आता तो कुठल्या शाळेत आहे, आहे की नाही, मला माहीत नाही. त्याचा तो पेपर मात्र माझ्या कपाटात आहे.

मित्रांनो, तुमच्या गावातही एखादा जुना वाडा असेलच. मुलांना तिथे न्या. सन-सनावळ्या जरूर सांगा, पण भिंतीला हातही लावू द्या. वीट मोजू द्या, खांबाखालचा तळखडा पाहू द्या, 'हे कोणी केलं असेल?' असं विचारा. आणि सहलीची यादी करताना एकदा मागच्या बाकाकडे नक्की बघा.