चाललंय!

बदलापूरकराच्या आयुष्यात डबे दोन. एक जेवणाचा, दुसरा लोकलचा. पहिल्यात पोळीभाजी कोंबलेली असते, दुसऱ्यात आपण. बी.कॉम. होऊन बँकेत चिकटल्यापासून या दोन डब्यांपलीकडे मी कधी पाहिलं नव्हतं. तिसरा डबा दाखवला अंबरनाथच्या माझ्या भाच्याने. तो घरी बसून नोकरी करतो आणि त्याचे डबे कॉम्प्युटरच्या पोटात असतात.

'कंटेनर म्हणतात मामा. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान एकत्र बांधलेलं.'

असे डबे चालवणारं डॉकर २०१३ साली लोकांपुढे आलं. म्हणजे ताईच्या मसाल्याच्या डब्यापेक्षा पुष्कळच तरुण.

या डब्यांना झाकण नाही. काळ्या पडद्यावर टाईप करून विचारायचं. 'डॉकर पीएस' म्हटलं की चालू डब्यांची हजेरी लागते. पण 'डॉकर इन्स्पेक्ट' लिहून पुढे डब्याचं नाव दिलं, की तो घडाघडा बोलू लागतो. जन्म केव्हाचा, नेटवर्कवरचा पत्ता काय, बाहेरचं कुठलं फोल्डर आत जोडलंय, सगळं! बंद पडलेला डबा तर मरणाचं कारणही सांगतो. १३७ हा आकडा दिसला की समजावं, जबरदस्तीने संपवला. सोबत 'ओओएमकिल्ड'पुढे 'ट्रू' असेल तर मेमरीची खादाडी नडली. एवढं पुराण नको असेल तर 'फॉरमॅट' लावावा. हवी ती एकच ओळ मिळते. ही सोय आमच्या साहेबांना कुणीतरी लावायला हवी.

एका ठिकाणी मात्र माझ्यातला कारकून दचकला. डबा सुरू करताना पासवर्ड एन्व्हायर्नमेंटमध्ये दिला असेल, तर तोही हा बाबा उघडउघड सांगून टाकतो! असल्या माणसाला बँकेत कुणी तिजोरीच्या आसपास फिरकू देणार नाही.

डबा ज्या इमेजपासून बनतो, तिच्यावर कधीकधी 'लेटेस्ट' अशी चिठ्ठी असते. मला शेजारच्या उल्हासनगरचा जुना विनोद आठवला. मालावर 'मेड इन यूएसए', आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! 'लेटेस्ट' हेही नुसतं नावच. माल तीन वर्षांपूर्वीचा असू शकतो. इमेजला इन्स्पेक्ट केलं की तारीख बाहेर येते.

'हा बघा,' भाचा म्हणाला, 'पीएस म्हणतंय चालू आहे. इन्स्पेक्ट केलं तर रीस्टार्ट काउंट नऊ. नऊ वेळा पडला आणि उठला!'

तेवढ्यात ताई चहा घेऊन आली.

'कशी आहेस, ताई?'

'चाललंय.'

तुम्हाला सांगतो, हे आपलं मराठी माणसाचं पीएस. घर गळो, गुडघा दुखो, उत्तर एकच. पुढची चौकशी कुणी करत नाही आणि आपणहून कुणी सांगत नाही. माझ्या डोक्यात अजून ते नऊ होते, म्हणून पुढचं विचारलं.

'बीपीची गोळी घेतलीस आज?'

ताई बशी पुसत राहिली. 'संपल्यात रे. चार दिवस झाले. त्याला कामातून कशाला उठवायचं?'

भाच्याने पडद्याकडे पाहिलं, मग आईकडे. अर्ध्या तासाला एकदा डबे तपासणारा तो पोरगा! एक शब्द न बोलता उठला आणि चपला पायात सरकवल्या.

'औषधाच्या दुकानात चाललायस ना,' ताई म्हणाली, 'मग येताना कोथिंबीर घेऊन ये.'