गिरमिट

सुताराच्या पेटीतले गिरमिट मराठी माणसाच्या ओळखीचे आहे. लाकडाला भोक पाडायचे ते हत्यार. त्यामुळे वर्गात ‘गिरमिटिया’ हा शब्द आला, की एखादी विद्यार्थिनी हटकून विचारते, “बाई, म्हणजे सुतार का हो?” मग सांगावे लागते, की या गिरमिटाचा त्या गिरमिटाशी सुतराम संबंध नाही. ‘ॲग्रीमेंट’ हा साहेबाचा शब्द खेड्यापाड्यांतल्या माणसांच्या तोंडी पडला आणि झिजून झिजून ‘गिरमिट’ झाला. शब्द झिजतात, हे भाषा शिकवणारीला नवे नाही. पण हा शब्द ज्यांच्या तोंडी झिजला, ती माणसेही त्याच्याबरोबर झिजली.

१८७९ ते १९१६ या काळात कलकत्ता आणि मद्रास या बंदरांतून साठ हजारांहून अधिक माणसे पॅसिफिक महासागरातल्या फिजी बेटांवर नेण्यात आली. पाच वर्षे उसाच्या मळ्यात राबायचे, असा तो करार. ज्याला अक्षरओळख नाही, त्याने खाली अंगठा उठवायचा. अंगठा उठला की संमती झाली! कागदावर काय लिहिले आहे, ते बेट कुठल्या दिशेला आहे, तिथून परतता येते की नाही, हे त्या अंगठ्याला कुणी विचारले नाही. १९१२ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात ही पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला. ज्याला करार कळतच नाही, त्याच्याशी केलेल्या कराराला करार कसे म्हणायचे, हे त्यांच्या म्हणण्यातले एक मर्म होते. ठराव त्या दिवशी फेटाळला गेला. पण १९२० उजाडले तेव्हा फिजीतले उरलेसुरले गिरमिट रद्द झाले होते.

गोखल्यांचा तो प्रश्न मला पुन्हा भेटला तो अगदी अनपेक्षित ठिकाणी, फिजीच्याच एका न्यायालयाच्या निकालपत्रात. कायद्याशी माझा संबंध भाडेपावतीपलीकडे नाही. परंतु गिरमिट या शब्दाचा माग काढता काढता मी त्या निकालापर्यंत पोहोचले आणि एखादी कादंबरी वाचावी तसा तो वाचून काढला.

फिजी १९७० साली स्वतंत्र झाले. गिरमिटियांची नातवंडे-पतवंडे तिथेच राहिली. बेटावरची ऐंशी टक्क्यांहून अधिक जमीन मूळ फिजीवासीयांच्या कुळांच्या मालकीची. भारतीय वंशाचे शेतकरी बहुतेक ती खंडाने कसणारे. एकाला जमीन जाण्याची धास्ती, तर दुसऱ्याला खंडाची मुदत संपण्याची. दोन्ही भीती खऱ्या. १९९७ साली मोठ्या खटपटीने दोन्ही समाजांना सामावून घेणारी राज्यघटना तयार झाली आणि १९९९ साली महेंद्र चौधरी हे भारतीय वंशाचे पहिले पंतप्रधान निवडून आले. वर्षच उलटले. १९ मे २००० रोजी जॉर्ज स्पेट नावाचा माणूस हत्यारबंद साथीदार घेऊन संसदेत शिरला आणि त्याने पंतप्रधानांसह अनेकांना ओलीस धरले. ते छप्पन्न दिवस चालले. त्या गडबडीत २९ मे रोजी सेनापती फ्रँक बैनीमारामा यांनी सत्ता हाती घेतली आणि राज्यघटना रद्द झाल्याचे जाहीर केले. पुढे हंगामी मंत्रिमंडळ नेमले गेले.

याच दिवसांत मुआनिवेनी या खेड्यातल्या भारतीय शेतकऱ्यांवर हल्ले झाले. घरेदारे सोडून माणसे पळाली. त्यांच्यासाठी लाउटोका या गावी छावणी उघडली गेली, ती गिरमिट सेंटर नावाच्या इमारतीत. पूर्वजांच्या कराराची आठवण म्हणून उभारलेल्या वास्तूत नातवंडे निर्वासित होऊन आली!

मुआनिवेनीतून परागंदा झालेल्यांत चंद्रिका प्रसाद नावाचा शेतकरी होता. त्याने लाउटोकाच्या उच्च न्यायालयात अर्ज केला. मागणी साधी होती: माझी राज्यघटना अजून जिवंत आहे की नाही, तेवढे सांगा. सेनापती, हंगामी पंतप्रधान, सारा सरकारी लवाजमा एका बाजूला आणि घर गमावलेला एक शेतकरी दुसऱ्या बाजूला. १५ नोव्हेंबर २००० रोजी न्यायमूर्ती अँथनी गेट्स यांनी निकाल दिला, की राज्यघटना जिवंत आहे. सेनापतीच्या जाहीरनाम्याने ती मरत नाही.

हंगामी सरकारने अपील केले. अपील न्यायालयात पाच न्यायाधीश बसले, तेही शेजारपाजारच्या देशांतून आलेले. पॅसिफिकमधल्या छोट्या देशांत असे उसने न्यायाधीश आणण्याची रीतच आहे. सरकारचे म्हणणे असे, की आता राज्य आम्ही चालवतो, लोक आमचे ऐकतात, कुठे बंड नाही. तेव्हा जुनी घटना गेली आणि आम्ही आलो. हा युक्तिवाद नवा नव्हता. १९५८ साली पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने यशस्वी झालेले बंड हेच कायद्याचे नवे उगमस्थान म्हणून मान्य केले होते. फिजीच्या न्यायाधीशांनी मात्र उलट विचारले: लोकांनी तुम्हांला खरोखर मान्यता दिली आहे, याचा पुरावा काय? तो देण्याची जबाबदारी तुमची. दोन्ही बाजूंनी शपथपत्रे आली. रस्त्यावर माणसे उतरली नाहीत एवढ्यावरून त्यांनी मान्यता दिली, असे मानायला न्यायालय तयार झाले नाही. १ मार्च २००१ रोजी अपील न्यायालयानेही तेच सांगितले, की १९९७ ची घटना कायम आहे.

हे वाचताना मी थबकले. ‘मौन हे संमतीचे लक्षण’ या वचनावर आपले केवढे संसार उभे आहेत! आम्हां प्राध्यापकांचा तर सारा व्यवसाय त्यावर चालतो. “समजलं ना?” म्हणून विचारायचे आणि वर्ग गप्प राहिला की पान उलटायचे. घराघरांतही दुसरे काय चालते? माझ्या आजीचे लग्न सोळाव्या वर्षी ठरले. बैठकीत कुणीतरी विचारले, “मुलगी काय म्हणते?” तिच्या काकांनी उत्तर दिले, “ती काय म्हणणार? गप्प आहे, म्हणजे पसंत आहे.” आजी हा प्रसंग हसतहसत सांगे. मी एकदा तिला विचारले, “आजी, तुला खरंच पसंत होतं का गं?” हातातली भाजी निवडणे तिने थांबवले नाही. म्हणाली, “मला कुणी विचारलं असतं, तर मी विचार केला असता.”

आजीचे हे वाक्य आणि त्या पाच न्यायाधीशांचे निकालपत्र माझ्या मनात आता शेजारी शेजारी बसले आहेत. न्यायालयाजवळ फौज नसते, खजिना नसतो. त्याच्याजवळ एकच गोष्ट असते: सत्तेने गृहीत धरलेला होकार खरा आहे का, हे विचारण्याचा अधिकार.

या अधिकाराचे बळ किती? फिजीने त्याचेही उत्तर दिले. २००१ साली सरकारने निकाल वरवर मानला. चौधरी परत आले नाहीत, पण त्याच घटनेखाली निवडणूक झाली. २००६ च्या डिसेंबरात बैनीमारामांनी पुन्हा सत्ता घेतली. या वेळी प्रकरण उच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा गेट्स हंगामी सरन्यायाधीश होते. ऑक्टोबर २००८ मध्ये त्यांच्याच पीठाने राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले सरकार वैध ठरवले. अपील न्यायालयाने ९ एप्रिल २००९ रोजी तो निकाल फिरवला आणि ते सरकार बेकायदा ठरवले. दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांनी राज्यघटना रद्द केली आणि देशातल्या सगळ्या न्यायाधीशांच्या नेमणुकाही. निकाल एक दिवस जगला! थोड्याच आठवड्यांत गेट्स पुन्हा सरन्यायाधीश झाले.

साहित्य शिकवणाऱ्याला अशी माणसे वाचायला फार आवडतात. एकाच न्यायमूर्तींच्या नावावर हे दोन निकाल. त्यांच्या मनाचा तळ काढण्याच्या फंदात मी पडत नाही. एवढेच मनाशी बांधून ठेवते, की न्याय एका माणसाच्या भरवशावर सोडायची वस्तू नाही, मग तो माणूस कितीही मोठा असो. चंद्रिका प्रसादच्या बाजूचा निकाल एकाने दिला खरा, पण तो टिकला तो आणखी पाचांनी पुन्हा तपासून पाहिला म्हणून.

फिजीत आज जी राज्यघटना आहे, ती २०१३ सालची. ती मतदानाने आलेली नाही, हुकमाने आलेली आहे. तिच्यात बदल करायचा, तर संसदेत तीन चतुर्थांश आणि जनमतात एकूण नोंदलेल्या मतदारांपैकी तीन चतुर्थांश मते हवीत, अशी अट घालून ठेवली होती. म्हणजे दाराला कुलूप आणि किल्ली समुद्रात. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आपले मत दिले. ही घटना आता अमलात आहे, असे त्याने मानले. शेवटी बारा वर्षे देश तिच्याखाली जगला, तीनदा मतदान झाले. पण दुरुस्तीची अट त्याने सैल केली: संसदेत दोन तृतीयांश आणि जनमतात मत देणाऱ्यांचे साधे बहुमत पुरे.

कुणी म्हणेल, म्हणजे अखेर मौनाचीच संमती झाली. काही अंशी ते खरे आहे, आणि ते मला खुपते. पण गिरमिटावर अंगठा उठवणाऱ्या माणसाला एकदा अंगठा उठला की पुढे कुणी काही विचारत नसे. त्याच्या पतवंडांना हा करार बदलायचा असेल, तर आता त्यांना विचारावे लागेल आणि त्यांचे उत्तर मोजावे लागेल. आजीला एवढे मिळाले असते, तरी तिने भाजी बाजूला ठेवून विचार केला असता.